सोमवार ते शनिवारचा धर्मग्राम

दिवेलागण

चर्च म्हणजे रविवारची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), हे आपल्याच माणसांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की उरलेले सहा दिवस तिथे काय चालतं याची अनेकांना कल्पनाच नसते. मी मिस्सेत बायबल वाचणाऱ्या वाचकांचा तक्ता लावते आणि धर्मशिक्षणाचा एक वर्ग घेते, त्यामुळे माझी ये-जा आठवडाभर असते. माझं म्हणणं थोडक्यात असं: रविवारचा तास नीट पार पडतो, कारण आधीचे सहा दिवस कुणी ना कुणी त्यासाठी खपलेलं असतं. धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाची, शाळाही त्या सहा दिवसांशी बांधलेली राहिली तरच ती धर्मग्रामाची. ते नातं तुटलं की संताचं नाव असलेली एक चांगली शाळा तेवढी उरते.

सोमवार तसा शांत असतो. रविवारी दोन-तीन मिस्सा केलेले फादर बऱ्याच ठिकाणी सोमवारीच विश्रांती घेतात. खरं तर धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करायची, हा मूळ नियम. धर्मगुरू अपुरे असतील तर रविवारी आणि सक्तीच्या सणांना तीनपर्यंत परवानगी मिळू शकते. त्या रविवारच्या मिस्सांतली एक प्रमुख धर्मगुरूंना आपल्या धर्मग्रामातल्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करावीच लागते. तसं बंधनच आहे त्यांच्यावर. म्हणजे आपण चर्चमध्ये असू वा नसू, दर रविवारी आपल्यासाठी एक मिस्सा होते. हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

रोजची मिस्सा अर्ध्या तासात होते. साध्या वारी ग्लोरिया हे स्तुतिगीत नसतं, क्रेडो हा श्रद्धेचा कबुलीपाठ नसतो; एक वाचन, स्तोत्र आणि शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला भाग). मिस्सेतली बायबलची वाचनं ठरवणाऱ्या १९६९च्या वाचनग्रंथाने रविवारसाठी तीन वर्षांचं चक्र घालून दिलं: एक वर्ष मत्तयचं शुभवर्तमान, एक मार्कचं, एक लूकचं. चौथं, योहानाचं, मुख्यतः ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आणि ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात येतं, आणि मार्कच्या वर्षी योहानाचा सहावा अध्याय सलग काही रविवार चालतो. साध्या वारांच्या पहिल्या वाचनाचं चक्र सामान्य काळात (मोठ्या सणांचे काळ वगळून उरलेल्या आठवड्यांत) दोन वर्षांचं आहे, सम आणि विषम. त्यामुळे जो माणूस फक्त रविवारी येतो त्याच्या कानावर बायबलचा मोठा भाग पडतच नाही. रोज येणारी आठ-दहा वयस्क मंडळी तो भाग वर्षानुवर्षं ऐकत असतात.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही वाचनाचा सराव करतो. हे काम बाहेरून किरकोळ दिसतं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातला तिसऱ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंतचा भाग मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. भाषांतरात त्याचे तुकडे केलेले असतात, पण विचार एकच, लांबच लांब. वाचणाऱ्याला तो आधी कळलेला नसेल तर समोरच्याला कळणं शक्यच नाही. म्हणून आम्ही आधी वाक्य कुठे वळतं ते शोधतो, श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खुणावतो, आणि मगच उभं राहून वाचतो. एक आजोबा शेवटच्या बाकावर बसून ऐकतात. शब्द गिळला गेला की हात वर करतात. एवढंच त्यांचं काम, पण त्यांच्यामुळे आमचे वाचक सुधारले.

बाकीचे दिवस भराभर सांगते. जपमाळ रोज. तिच्यात गुरुवारी प्रकाशाची रहस्यं, म्हणजे येशूच्या जीवनातले मनन करायचे प्रसंग, जी पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२मध्ये जोडली. गुरुवारीच पवित्र साक्रामेंताची (मिस्सेतल्या पवित्र भाकरीची) आराधना आणि गायकवृंदाचा सराव. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तीच पवित्र भाकर. प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरची प्रार्थना). शनिवारी पापस्वीकार आणि संध्याकाळची मिस्सा, जी रविवारचीच धरली जाते.

तुमच्याकडे आठवडा कसा जातो? शाळेत शिकवणाऱ्यांनी जरूर लिहा.


वेदीजवळ

चांगला विषय काढलात ताई. मी सॅक्रिस्टी, म्हणजे वेदीचं सामान ठेवायची खोली, सांभाळतो, माझ्या बाजूचं सांगतो.

मिस्सेनंतर पेला पुसायचं वस्त्र आणि वेदीवर पेल्याखाली अंथरायचं चौकोनी वस्त्र, ही दोन्ही घरच्या कपड्यांत टाकायची नसतात. त्यांच्यावर ख्रिस्तशरीराचा कण किंवा ख्रिस्तरक्ताचा थेंब राहिलेला असू शकतो. आधी ती साध्या पाण्यात हाताने खळबळायची, आणि ते पाणी गटारात न सोडता मातीत ओतायचं. जुन्या चर्चमध्ये यासाठी सॅक्रिस्टीत वेगळी मोरी असते, तिचा नळ थेट जमिनीत उतरतो. मग नेहमीसारखं धुणं, इस्त्री, आणि तीन घड्या उभ्या, तीन आडव्या. चौकोनी वस्त्राच्या घड्या आतल्या बाजूला वळतात, म्हणजे उलगडताना त्यावरचं काही बाहेर सांडत नाही. आमच्याकडे हे काम एक काकू गेली कित्येक वर्षं करतात. मिस्सेला आलेल्या बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नसेल.

फादरांचे मिस्सेचे झगे काढून ठेवणं शनिवारी. सामान्य काळात हिरवा, नाताळआधीच्या आगमनकाळात आणि प्रायश्चित्तकाळात जांभळा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल. वर्षातून दोनच रविवार गुलाबी घालता येतो, आगमनकाळाचा तिसरा आणि प्रायश्चित्तकाळाचा चौथा. लहान मुलं नेमकं त्याच दिवशी विचारतात, आज फादरांनी हा रंग का घातला? त्या एका प्रश्नावर धर्मशिक्षणाचा अख्खा तास घेता येतो.


तिसरी_क_ची_आई

आम्ही ख्रिस्ती नाही, पण मुलगी धर्मग्रामाच्या शाळेत आहे म्हणून हे आवर्जून वाचतेय. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शाळा चर्चची म्हणजे नेमकी कुणाची? फादर मालक असतात का? आणि शाळेच्या मिस्सेच्या दिवशी आमच्यासारख्यांच्या मुलांकडून काय अपेक्षा असते? मुलगी घरी येऊन गाणी म्हणते, तिला आवडतात. माझी हरकत नाही, फक्त समजून घ्यायचं आहे.


खडू_फळा

मी अशाच शाळेत शिकवते, म्हणून सविस्तर लिहिते.

मालक म्हणून फादर नसतात. काही शाळा धर्मग्रामाच्या असतात, काही बिशपांच्या धर्मप्रांताच्या, काही सिस्टरांच्या किंवा ब्रदरांच्या संघाच्या. रोजचा कारभार मुख्याध्यापकांकडे असतो, वर व्यवस्थापन मंडळ असतं. बिशपांना आपल्या धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेखीचा आणि त्यांना भेट देण्याचा अधिकार आहे, मग शाळा संघाची का असेना. १९८३च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, एक वाक्य मला फार आवडतं. कॅथलिक शाळेतलं शिक्षण निदान परिसरातल्या इतर शाळांच्या तोडीचं असलं पाहिजे, असं त्यात शाळाप्रमुखांना बजावलं आहे. म्हणजे गणित कच्चं ठेवून प्रार्थना पक्की करून घेतली, हे चालायचं नाही. मला तर गणिताचा तास नीट घेणं हीही भक्तीच वाटते.

चर्चला लागून शाळा हवी हा आग्रह काही ठिकाणी फार जोराचा होता. अमेरिकेतल्या बिशपांनी १८८४च्या बाल्टिमोर परिषदेत ठरवलं की प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांत शाळा उभी राहिली पाहिजे. त्याच्याही दोनशे वर्षं आधी फ्रान्समध्ये संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या बोलीत वाचायला शिकवायला सुरुवात केली आणि त्यासाठी शिक्षकांची तयारी करून घेतली. १९५०मध्ये पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते ठरवलं.

आता मिस्सेचं. ख्रिस्ती नसलेल्या मुलीने ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो. बाकी शांत बसावं, वाटलं तर गावं. धर्माच्या बाबतीत कुणावर जबरदस्ती करायची नाही, हे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५च्या जाहीरनाम्यात स्वच्छ सांगितलं आहे. आमच्याकडे ख्रिस्ती मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्या मुलांचा मूल्यशिक्षणाचा असतो. तुमच्या शाळेत काय करतात ते वर्गशिक्षिकांना मोकळेपणाने विचारा, विचारलेलं आवडतं आम्हाला.

लहान मुलांच्या मिस्सेसाठी १९७३मध्ये रोमहून वेगळी मार्गदर्शिका आली. वाचनं कमी करायची मुभा तिने दिली, पण शुभवर्तमान कधीही गाळायचं नाही असं सांगितलं. फादरांना मुलांच्या पातळीवर उतरून बोलणं जमत नसेल तर त्यांच्या संमतीने दुसऱ्या मोठ्या माणसाने प्रवचन करावं, इथपर्यंत तिने विचार केला आहे.

आमच्या शाळेची मिस्सा बुधवारी असते आणि दर खेपेला एक वर्ग ती बांधतो. मला सगळ्यात जपावंसं वाटतं ते विनंतीप्रार्थनांचं काम. पूर्वी शिक्षिका लिहून द्यायच्या आणि मुलं वाचायची: जगात शांती नांदो, सर्वांचं भलं होवो. आता मुलं लिहितात. मागे पाचवीच्या एका मुलाने लिहिलं, "बसच्या काकांचा गुडघा दुखतो, त्यांना जिना चढता यावा." ते काका चर्चमध्ये मागे उभे होते. ते वाचलं गेलं तेव्हा सगळ्या शाळेने "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं, त्यात ख्रिस्ती कोण आणि बिगरख्रिस्ती कोण हे सांगता आलं नसतं.


दिवेलागण

बाई, तुमचं हे वाचून मुद्दा आणखी स्पष्ट झाला. शाळेच्या मिस्सेत मुलं अशी बोलती होत असतील तर तीच मुलं रविवारी का दिसत नाहीत, हा माझा खरा सल आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी शाळेत होते, समारंभ थाटात होतो, आणि पुढच्या रविवारी निम्मे बाक रिकामे.

१९१०पर्यंत बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांची होईपर्यंत ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. पोप दहाव्या पायस यांनी ते वय साधारण सातवर आणलं, कारण मुलाला साधी भाकर आणि हा प्रसाद यातला फरक कळला की पुरे, असं त्यांचं म्हणणं होतं. लवकर द्यायचा तो वारंवार घेता यावा म्हणून. आपण मात्र तो इयत्तेचा एक टप्पा करून टाकला. शिवाय आपल्या शाळेत न शिकणारी मुलं रविवारच्या वर्गाला येतात, त्यांची तयारी वेगळी, यांची वेगळी. शेवटच्या महिन्यात दोघांची गाठ पडते. ही तयारी धर्मग्रामात एकत्र व्हावी आणि आई-बाबांनी तिच्यात बसावं असं मला कळकळीने वाटतं. मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आई-वडीलच, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आहेच.


खडू_फळा

एकत्र तयारीला माझा पाठिंबा आहे, पण शाळेतून ती पूर्ण काढून घेऊ नका. कित्येक घरांत दोघंही पालक उशिरापर्यंत कामावर असतात. त्या मुलांना शाळेच्या वेळेत मिळतं तेवढंच धर्मशिक्षण. संध्याकाळचा वर्ग ठेवला की नेमकी तीच मुलं गळतात. शाळेत धडा आणि धर्मग्रामात महिन्यातून एकदा पालकांसह सकाळ, असं दोन्ही चालू ठेवून पाहायला हवं.


खालचा_सा

गायकवृंदातर्फे थोडं. आमची पुस्तकं गुरुवारी उघडतात. पहिली वीस मिनिटं आम्ही फक्त स्तोत्राचं धृपद घेतो, कारण ते लोकांनी म्हणायचं असतं. ते अवघड बसवलं तर लोक गप्प होतात आणि मिस्सा आमची मैफल होऊन बसते. १९६३मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला त्यात लोकांचा पूर्ण, जाणता आणि सक्रिय सहभाग हवा असं म्हटलंय. त्यातच गायकवृंद जोपासा, असंही आहे. दोन्ही एकदम सांभाळायचं तर चाल बसवताना मागच्या बाकावरच्या माणसाचा गळा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

शाळेची मुलं महिन्यातून एका रविवारी आमच्याबरोबर गातात. त्यासाठी शुक्रवारी मधल्या सुट्टीत आमच्यातल्या दोघी शाळेत जातात. दोघी अशासाठी, की मुलांसोबत एकट्या मोठ्या माणसाने थांबायचं नाही हा नियम आम्ही वेदीसेवक, गायकवृंद, धर्मशिक्षण, सगळीकडे कडक पाळतो. कुणाला तो अविश्वास वाटतो. मला तो मुलांना दिलेला शब्द वाटतो, आणि त्यात सूट मागणाऱ्या कुणालाही आम्ही मुलांचं काम देत नाही.

ताईंनी विचारलं ना, मुलं रविवारी का दिसत नाहीत? ज्या रविवारी गाणं असतं त्या रविवारी दिसतात. घरचेही येतात. मुलांना काम द्या, ती येतील.


पायरीवर

सगळं वाचलं. आता दुसरी बाजू मांडतो. मी रविवारी येणारा, मागे उभा राहणारा माणूस. माझ्या पाळ्या बदलत्या असतात. आमच्याकडे सगळीकडे तीच पाच-सात माणसं दिसतात: वाचक तीच, धर्मग्रामाच्या परिषदेत तीच, प्रसाद वाटायला तीच. नव्या माणसाला कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर थेट दर आठवड्याच्या बैठकीला बसवतात. मग लोक येत नाहीत म्हणून तक्रार. धर्मग्राम परिषदेत एकदा सूचना मांडली होती, ऐकून घेतली आणि पुढे काही झालं नाही. तुम्ही म्हणता सहा दिवस लोक खपतात. खपतात, मान्य. पण त्यांनी दार उघडं ठेवलंय का?


जमाखर्च

पायरीवर यांचा मुद्दा रास्त आहे. परिषदेबद्दल एक खुलासा: धर्मग्राम परिषद सल्लागार असते, तिचा निर्णय बंधनकारक नसतो. ती असावी की नाही हेही बिशप ठरवतात. आर्थिक समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, तिथे पर्याय नाही. परिषदेला सल्ल्याचाच अधिकार असला तरी आलेल्या सूचनेचं काय झालं हे मांडणाऱ्याला कळवणं कुणी अडवलेलं नाही. ते व्हायलाच हवं होतं.

मी हिशेब बघतो. रविवारची वर्गणी एकट्याने मोजायची नाही, एकाच घरातल्या दोघांनीही नाही. मोजणारे दर आठवड्याला बदलतो, आकडा दोघांच्या सहीने वहीत चढतो आणि सोमवारी बँकेत. ज्या कामासाठी पैसे दिले त्याच कामासाठी वापरायचे, हा कॅनन लॉचा नियम आहे. छपरासाठी आलेली देणगी शाळेच्या संगणकाला वळवता येत नाही, गरज कितीही खरी असो. शाळेचं खातं वेगळं. धर्मग्राम शाळेला मदत करतो ती ठराव करून, वहीत दाखवून. हे वर्षातून एकदा दारावर लावतो आम्ही. लावायला लागल्यापासून विचारणारे वाढले आणि कुरबुर कमी झाली.

आणि एक: ऐपत नाही म्हणून कुणाचा संस्कार (बाप्तिस्मा, लग्न वगैरे) अडवायचा नाही, असंही कॅनन लॉ म्हणतो. एखाद्या हेतूसाठी मिस्सा सांगताना द्यायच्या देणगीचंही तसंच. गरजू माणसाने काहीच दिलं नाही तरी त्याच्या हेतूसाठी मिस्सा करावी, अशी धर्मगुरूंना आग्रहाची शिफारस आहे. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी कार्यालयात येऊन नुसतं सांगावं.


दिवेलागण

पायरीवर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. दार उघडं ठेवणं हे आमचंच काम आहे, तुमचं नाही.

दर आठवड्याची बैठक सगळ्यांना जमणार नाही हे मला पटतं. काही संस्थांची बांधणीच तशी असते. लिजन ऑफ मेरी ही प्रार्थना आणि सेवा करणाऱ्या सामान्य लोकांची संस्था १९२१मध्ये डब्लिनमध्ये सुरू झाली तेव्हापासून साप्ताहिक सभा हा तिचा कणा आहे, ती काढली तर काही उरत नाही. गरिबांना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचंही जवळपास तसंच. १८३३मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू करणाऱ्यांत पुढे असलेला फ्रेडरिक ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. कुणाच्या घरी जायचं हे त्या पोरांना ठाऊक नव्हतं. सिस्टर रोझाली रांड्यू यांनी गरिबांच्या वस्तीतली घरं दाखवली, कसं बोलायचं ते शिकवलं. आजही सभासद जोडीने घरी जातात, बसतात, ऐकतात, आणि कुणाला काय दिलं ते बाहेर बोलत नाहीत. हे काम बदलत्या पाळीत बसेल, कारण भेटीची वेळ ती जोडी आपसांत ठरवते. आमच्याकडे शाळेच्या शिक्षिकांमुळेच त्यांना कितीतरी घरं कळतात. मुलाचा डबा आठवडाभर रिकामा येतोय हे आधी वर्गात दिसतं, चर्चमध्ये नाही. शाळा आणि धर्मग्राम जोडलेले हवेत असं मी म्हणते ते यासाठी.

वाचनासाठी बैठकीची गरजच नाही. स्त्री-पुरुष दोघांनाही आता या सेवेवर विधिवत नेमता येतं, २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. पण साध्या वारी वाचायला तेवढं औपचारिक काही लागत नाही. स्पष्ट वाचता येणं आणि आधी तयारी करणं पुरे.


तिसरी_क_ची_आई

डब्याचं वाचून थांबले. आम्ही चर्चचे नाही, पण त्या कामात पालक म्हणून काही करता येईल का?


खडू_फळा

नक्की येईल. वर्गशिक्षिकांना सांगा. पैसे कुणा मुलाच्या नावाने देऊ नका, मुलाला ते कळतं आणि लागतं. आमच्याकडे काही पालक वह्या आणि गणवेश शाळेत आणून देतात, आम्ही कपाटातून गरजेप्रमाणे काढतो. त्यात कुणाचा धर्म विचारला जात नाही, ना देणाऱ्याचा ना घेणाऱ्याचा.


पायरीवर

वाचायला मी तयार आहे, पण रविवारचं आत्ताच नक्की सांगता येणार नाही. साध्या वारी चालेल. आवाज बरा आहे. वाचन किती आधी मिळेल?


दिवेलागण

आठवडाभर आधी देते. वर्षाच्या सम-विषम क्रमाने ते ठरलेलंच असतं, त्यामुळे हवं तर महिन्याचं एकदम घ्या. मंगळवारी सरावाला आलात तर उत्तम; पाळी असेल तर मिस्सेआधी पंधरा मिनिटं या, मी किंवा वर लिहिणारे ‘वेदीजवळ’ सोबत बसू. पुढच्या महिन्याचा तक्ता येत्या शुक्रवारी लावतेय. गुरुवार सकाळच्या मिस्सेला सध्या वाचक नाही. तुमच्या पाळ्या कळवा, त्यातले जमतील ते गुरुवार तुमच्या नावावर टाकते.